उघडी राहिलेली डिस्क

“ह्यो कॉम्प्युटर बी डिस्क कोरीच म्हनतो का?” अण्णारावांनी विचारलं.

श्रीशैल पडद्याकडे झुकला. त्यावर उमटलेल्या ओळी तो पुन्हा वाचत होता.

नांदेडात जुन्या डिस्का पेनड्राइव्हवर उतरवून देण्याचं त्याचं दुकान. लिनक्सवर चालणारा एक जुना कॉम्प्युटर आणि त्याला दोन ड्राइव्ह. डिस्का गठ्ठ्यानं यायच्या, एकेक तपासण्यात दिवस जायचा, म्हणून त्यानं स्वतःच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. मशीनला ड्राइव्ह किती, आत डिस्क आहे का, सीडी की डीव्हीडी, कोरी की भरलेली, हे सगळं तो थेट ड्राइव्हलाच विचारायचा. मागच्याच आठवड्यात त्यात एक प्रश्न वाढवला होता: रेकॉर्डिंग नीट बंद केलंय, की उघडंच राहिलंय?

अण्णारावांची तळहाताएवढी डिस्क सगळीकडे कोरी दिसत आली होती. प्रोग्रॅम म्हणत होता: डीव्हीडी. कोरी नाही. रेकॉर्डिंग उघडं.

सतरा वर्षांपूर्वी लोह्याला, अण्णारावांच्या मुलीच्या, पुनमच्या लग्नात, ती श्रीशैलनंच भरली होती. कॅमेरा भाड्याचा, काम आयुष्यातलं पहिलं. दुसऱ्या दिवशी पुनमचा भाऊ दयानंद ती मोटारसायकलवरून घेऊन गेला आणि घरी लावली तर काहीच दिसेना. “उन्हात ठिवली असंल,” श्रीशैल तेव्हा सहज बोलून गेला होता. अण्णारावांनी पाहुण्यांसमोर दयानंदच्या कानाखाली वाजवली. पोरगा पुण्याला गेला तो बापाशी अबोला धरूनच. मागच्या महिन्यात अण्णारावांच्या पत्नी केवळाबाई गेल्या, तेव्हा आला, आईला खांदा दिला, तेरावं उरकलं आणि तसाच परतला.

पहिल्या ड्राइव्हनं डिस्क वाचायला नकार दिला. दुसरा घरघरत, थांबत, पुन्हा सुरू होत राहिला. तासाभरानं अकरा मिनिटं हाती आली.

मांडवात केवळाबाई पंगतीत वाढत होत्या. कॅमेरा दिसताच त्यांनी पदर तोंडाशी नेला. “माजं काय काढून राहिलास रं? पाव्हण्यांचं काढ की!” आणि हसत पुढच्या पानाकडे वळल्या.

अण्णाराव खुर्चीच्या टोकावर सरकले. अकराच्या अकरा मिनिटं त्यांनी पापणी हलवली नाही.

“म्हंजी उन्हानं गेली नव्हती?”

डिस्क जुनी होती. वेळ मारून नेणं सोपं होतं. म्हातारा पेनड्राइव्ह घेऊन हात जोडून गेला असता.

“न्हाई अण्णा,” श्रीशैल म्हणाला. “काम झाल्यावर कॅमेऱ्यातच डिस्क बंद करायची असती, न्हाई तर बाकी मशीनला ती कोरीच दिसती. मला तवा ठावंच नव्हतं. चूक माजी होती. दयानंदची कायबी न्हाई.”

रस्त्यावरून एक टमटम हॉर्न वाजवत गेली. अण्णाराव शिव्या देतील, निदान उठून जातील, असं श्रीशैलला वाटलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, डोळ्यांजवळ धरून दयानंदचं नाव शोधलं, बटण दाबलं.

पलीकडे बराच वेळ रिंग वाजली. मग कुणीतरी “हॅलो” म्हणालं.

अण्णारावांनी मोबाइल श्रीशैलपुढे धरला.

“तुमीच सांगा त्याला,” ते म्हणाले. “म्या हितंच बसतो.”

श्रीशैलनं हात पँटला पुसले आणि दोन्ही हातांनी मोबाइल घेतला.