तक्रार निरंक

अकरा वर्षं मी दर महिन्याच्या पाच तारखेला एकच शब्द लिहीत आलो, निरंक. म्हणजे आमच्या सोळा सरकारी क्वार्टरांतून एकही तक्रार नाही. तक्रारवही माझ्याच ड्रॉवरमध्ये असते, कारण मी बांधकाम उपविभागाच्या कार्यालयातला वरिष्ठ लिपिक. आणि नऊ नंबरच्या क्वार्टरमध्ये राहणारा मधुकररावही मीच. तेव्हा तक्रार करायची मी, घ्यायची मी आणि दाबायचीही मीच, असा सगळा घरचा कारभार होता.

तक्रारी नव्हत्या असं नाही. पावसाळ्यात बादल्या कमी पडत. पण सिंदीकडच्या एका वसाहतीत कुणा शहाण्यानं गळतीचा अर्ज दिला होता. साहेब आले, इमारत 'राहण्यास अयोग्य' ठरली आणि महिन्याभरात सगळ्यांना बिऱ्हाडं हलवावी लागली. दुरुस्ती काही झाली नाही. तेव्हापासून आमचं ठरलेलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तपासणीची कुणकुण लागली की ओलीवर चुना फासायचा आणि भेगेवर काहीतरी टांगायचं. चुन्याचा डबा सगळ्यांत मिळून एक, तो तीन नंबरच्या बंडूजींकडे असे. माझ्या भेगेवर केळझरच्या गणपतीची मोठी तसबीर होती.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती आणि आमची खुशी समोरच्याच शाळेत नववीत होती. घर सोडायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात. इकडे माझी बायको गोपिका तीन पावसाळे खोकत होती. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, औषध देतो, पण आधी घरातली ओल घालवा. मी औषध आणलं आणि ओल तसबिरीमागे ठेवली. हे लिहिताना लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

मागच्या वर्षी जूनमध्ये इला मॅडम आमच्या उपअभियंता म्हणून आल्या. पस्तिशीच्या, बोलायला मऊ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तक्रारवही मागितली आणि पहिल्या पानापासून वाचत बसल्या. वाचायला होतं काय त्यात! मग त्यांनी विचारलं, सोळा घरांत अकरा वर्षांत एकही नळ टपकला नाही का? आमचे लोक समाधानी आहेत, असं मी सांगितलं. अशा समाधानी लोकांना भेटलंच पाहिजे, असं म्हणून त्या शनिवारी हजर झाल्या.

अर्थात शुक्रवारी चुन्याचा डबा कुलपातला बारा नंबर सोडून पंधराही घरं फिरून आला होता.

बंडूजींच्या घरी बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर पार छताला टेकलेलं. मॅडमनी मान वर करून बघितलं.

"बंडूजी, एवढ्या उंचावर तारीख दिसते कोणाले?"

बंडूजींनी खुर्ची पुढे केली. पुढच्या घरात त्याच कोपऱ्यात, तितक्याच उंचीवर एक निसर्गचित्र होतं. त्यापुढच्या घरात एक बंद घड्याळ. माझ्याकडे येईपर्यंत मॅडम काही विचारायच्याही थांबल्या होत्या. त्यांनी गणपतीला हात जोडले आणि खुर्चीवर बसल्या. गोपिका चहा घेऊन आली आणि दारातच तिला खोकल्याची उबळ आली. मॅडम उठून तिच्याजवळ गेल्या.

"आमच्या क्वार्टरमंदी लक्ष्मीचं कॅलेंडर होतं, काकू," त्या म्हणाल्या. "बाबांनी रिटायर होईपर्यंत काढू नाई देलं. आई तशीच खोकत राह्यली, अन् मग नाई राह्यली."

गोपिकानं ट्रे खाली ठेवला, स्टूल ओढलं आणि वर चढली. मी म्हटलं, पडशील. तिनं ऐकलं नाही. तसबीर निघाली तसा सुपाएवढा काळा डाग उघडा पडला आणि गिलाव्याचा एक पोपडा माझ्या पायाशी येऊन पडला.

"घर गेलं तर जाऊ द्या," ती स्टुलावरूनच मला म्हणाली. "मले श्वास पाह्यजे."

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण तिनं माझ्याकडे असं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मागितलं तेव्हा तेही परक्या माणसासमोर मागावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं.

कोणालाही घर सोडावं लागणार नाही, असं मॅडमनी तिथंच सांगितलं. बारा नंबर कित्येक वर्षं कुलपात होता. आधी तो नीट करायचा, मग एकेका कुटुंबानं दहा-दहा दिवस तिथं राहायचं आणि तेवढ्यात त्यांच्या छताचं काम उरकायचं. प्रस्तावातही तसंच लिहीन, म्हणाल्या. पण तक्रारीच नसतील तर प्रस्ताव कशाच्या जोरावर पाठवायचा? तेव्हा दुपारी वही काखोटीला मारून मी घरोघर फिरलो. बंडूजी माझ्यावर चांगलेच उखडले.

"काऊन आमाले रस्त्यावर आणून राह्यले तुमी?"

मी त्यांना काही समजावत बसलो नाही. नऊ नंबरची तक्रार माझ्याच सहीनं पहिली लिहिलेली होती, ती दाखवली. त्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि कॅलेंडर उतरवलं.

प्रस्ताव वरून दोनदा परत आला. दोन्ही वेळा मॅडम भिंतींचे फोटो घेऊन स्वतः वर्ध्याला गेल्या. दिवाळीनंतर काम लागलं आणि जूनच्या आत शेवटचं छत झालं. बारा नंबरमध्ये पंधराव्या पाळीपर्यंत एक तुळस, कपड्यांच्या दोन दोऱ्या आणि कुणाचा तरी खलबत्ता जमला होता.

यंदाच्या आषाढात चार दिवस झड लागली. बादल्या मोरीतच राहिल्या. खुशी दहावीचं पुस्तक घेऊन नेमकी जुन्या डागाखालच्या कोपऱ्यात बसते. गोपिकाचा खोकला गेला, आणि ती पुन्हा पोळ्या लाटताना गुणगुणते. आवाज काही गोड नाही, पण मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकतो.

पाच तारखेला मॅडम चहाला आल्या. त्यांनी मोकळ्या कोपऱ्याकडे बघून बाप्पा कुठं गेला म्हणून विचारलं. गोपिकानं स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तिथं तिच्या डोळ्यांच्या उंचीवर तसबीर होती.

"आता त्याले काई लपवाचं काम नाई," ती म्हणाली.

मॅडम गेल्यावर मी वही उघडली. या खेपेला निरंक लिहायला हात शिवशिवत होता, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते खरं ठरणार होतं. तेवढ्यात आतून आवाज आला.

"थांबा. मोरीतला नळ टपकते. लिहा."

मी लिहिलं. तक्रारदाराच्या रकान्यात माझं नाव न घालता तिचं घातलं, चांगलं ठळक अक्षरात, आणि सही करायला वही तिच्याकडे नेली.