रावसाहेबांची केळी

येरवड्यातल्या आमच्या सोसायटीचे अध्यक्ष रावसाहेब यांना शेतीतलं सगळं कळतं, कारण ते व्हिडिओ बघतात. कुंपणालगत त्यांनी केळीच्या दोन रांगा लावल्या आणि दोन्ही रांगांच्या बुंध्याशी भेंडी.

तिसऱ्या मजल्यावरची नम्रता मातीतल्या जिवाणूंवर संशोधन करते. ती मुद्दाम खाली आली. "काका, भेंडी नको. मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी तिच्यावर पोसतात आणि मग केळीत शिरतात. झेंडू लावा, तो त्यांना आवरतो."

"अहो, आपण केळी खाणार आहोत. झेंडू दसऱ्याला मंडईत मिळतो," रावसाहेब म्हणाले. "आणि कृमींची काळजी तुम्ही करू नका. त्यांची अंडी खाणारी बुरशी मी मार्केट यार्डाजवळून आणून मुळांशी घातली आहे."

बुरशी खरंच चांगली होती. नम्रताला बरं वाटलं. पण आठवड्याने पानांवर ठिपके दिसले आणि रावसाहेबांनी त्याच मुळांशी बुरशीनाशक ओतलं. विकत आणलेल्या पाहुण्यांना त्यांनी स्वतःच्या हाताने विष पाजलं आणि वर हात झटकून फोटोही काढून घेतला.

नम्रताने मग कोणालाच विचारलं नाही. मागच्या रांगेतली भेंडी उपटून तिने तिथे झेंडू लावला. पूजेला फुलं होतील म्हणून रावसाहेबांनी तो राहू दिला.

घड भरले तेव्हा एका संध्याकाळच्या वाऱ्यात पुढच्या रांगेतली केळ मुळासकट आडवी झाली. मुळांवर गाठीच गाठी होत्या.

"बिल्डरने भरावच वाईट टाकलाय," रावसाहेब म्हणाले.

"मागच्या रांगेला तोच भराव आहे, काका."

"तिकडे भिंतीचा आडोसा आहे."

 मुद्दा अगदीच खोटा नव्हता. नम्रताने मागच्या रांगेतलं एक मूळ खणून काढलं. गाठी होत्या, पण शोधाव्या लागत होत्या. "आडोशामुळे झाड उभं राहिलं असेल, मान्य. पण मुळांना गाठी वाऱ्याने येत नाहीत."

रावसाहेब घड उचलून घरी गेले.

वार्षिक सभेत त्यांनी जाहीर केलं, की स्वतःच्या दीर्घ निरीक्षणानंतर यापुढे दोन्ही रांगांत झेंडू लावायचं त्यांनी ठरवलं आहे. टाळ्या पडल्या. नम्रतानेही वाजवल्या, तिला झेंडू लागल्याशी मतलब होता.

"आपलं निरीक्षण फार बारीक आहे, काका," ती म्हणाली.

रावसाहेबांनी मनापासून आभार मानले.