मोठं माप

"ताई, हे सगळे तुम्हाला होतील," असं म्हणून धाकटीने ड्रेसची चळत थोरलीच्या पलंगावर ठेवली आणि वरून हात फिरवला, झोपलेल्या बाळाला थोपटावं तसा. "मला आता नुसते लोंबतात. टाकवत नाहीत हो, चांगले आहेत अजून."

चांगले असणारच. थोरलीनेच ते आपल्या कंपनीतून सवलतीत आणून तिला दिले होते. एवढंच नाही, ते थोरलीच्याच अंगावर बेतलेले होते. म्हणजे थोरलीच्याच अंगाचा साचा धाकटीने चार वर्षं वापरला, धुतला, इस्त्री केला आणि आता नको म्हणून परत आणून दिला.

"ठेव तिथे," थोरली म्हणाली. "आणि तुला काय, बाळांच्या दुकानातून आणायचे आता?"

धाकटी हसली. पूर्वी असल्या बोलण्यावर ती सगळं अंग हलवून हसायची. आता नुसते दात दिसले. हसण्याचंही वजन उतरलं होतं.

या दोघी जावा एका घरात आल्या तेव्हापासून एकाच मापाच्या. सासूबाई चारचौघांत सांगायच्या, माझ्या सुना बाहेर निघाल्या की दाराच्या दोन्ही फळ्या उघडाव्या लागतात. यावर सासूबाईंपेक्षा या दोघीच जास्त हसत. घरातल्यांची जेवणं उरकली की स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून पातेल्याला लागलेली खरवड दोघी चमच्याने काढून खायच्या आणि खाता खाता सगळ्या नातेवाइकांचा समाचार घ्यायच्या. कोणाचीही गय नसे. एक दिवस धाकटीने चमचा खाली ठेवला आणि "मला नको" म्हणाली. थोरलीने त्या दिवशी एकटीनेच पातेलं संपवलं. दोघींनी मिळून खाल्ली की ती खरवड असते. एकटीने खाल्लं की ते उष्टं-उरलेलं होतं.

पुढे धाकटी पहाटे उठून चालायला जाऊ लागली. ताटात वाफवलेलं काहीतरी हिरवं दिसू लागलं. न्हाणीघरात वजनाचा काटा आला. घरादाराने कौतुकाने पाहावं असं ती उतरत गेली. धाकटीच्या नवऱ्याने तिला नवे बूट आणले. हेही थोरलीने सोसलं असतं. पण एका सकाळी थोरलीचा नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "काही म्हण, जिद्द आहे पोरीत."

पोरीत. काल-परवापर्यंत धाकटी बाई होती, वजन उतरल्यावर पोर झाली. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं, आणि तिचं पोट काही लहान नव्हतं.

वास्तविक त्या पोटाला घराबाहेर मान होता. ती काम करायची ती कंपनी बायकांचे तयार कपडे शिवायची, आणि त्यातल्या मोठ्या मापाच्या कपड्यांना चांगलं नाव होतं. कारण सोपं होतं. इतर ठिकाणी लहान मापाचाच नमुना चारी बाजूंनी वाढवून मोठा करत. इथले कटिंग मास्तर तसं करत नसत. थोरली नेमणुकीने काज-बटणावर होती. पण मोठ्या मापाचा नवा नमुना कच्चा शिवून झाला की मास्तर तिला हाक मारायचे. मग ती खिडकीजवळच्या लाकडी चौरंगावर उभी राहायची. मास्तर तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरायचे, तिला बसवायचे, वाकवायचे, हात वर करायला लावायचे आणि विचारायचे, कुठे ओढतंय? कोपऱ्यात कापसाचा पुतळा होता, पण मास्तरांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. त्यांचं म्हणणं, पुतळा कधी खुर्चीत बसत नाही, मग त्याला काय कळणार.

ती सांगेल तसा खडू चाले. "मुंढ्यात रुततंय," म्हटलं की बाही जिथे जोडतात तो मुंढा मोकळा व्हायचा. घरात तिला काय रुततंय हे कोणी विचारत नव्हतं. तिथे मात्र एक मोठा माणूस हातातलं काम थांबवून तिच्या उत्तराची वाट बघायचा. चौरंगावर तिने कधी पोट आत ओढलं नाही. तिथे ते असायलाच हवं होतं.

हे सगळं असूनही तिला धाकटीसारखं व्हायचं होतं. खरं म्हणजे धाकटीसारखं नव्हे. धाकटीकडे ज्या नजरा गेल्या होत्या त्या तिला परत हव्या होत्या. म्हणून तिने कोणालाही न सांगता खाणं तोडलं. डबा शेजारच्या मशीनवालीच्या पुढे सरकवायची. घरी सांगायची कंपनीत खाल्लं, कंपनीत सांगायची घरचं जड झालं. भूक लागली की धाकटीची कंबर आठवायची. भूक मरायची नाही, पण तिची लाज वाटायची, आणि तेवढ्यावर वेळ निघून जायची.

वजन उतरलं. पण घर असं चमत्कारिक, की धाकटी उतरली तेव्हा तिचं वजन उतरलं होतं आणि थोरली उतरली तेव्हा तिचा चेहरा उतरला. सासूबाईंनी डॉक्टरला दाखवायला सांगितलं. नवऱ्याने विचारलं, कंपनीत काही भानगड झाली का. जिद्दीचं नाव कोणी काढलं नाही.

ओळखलं फक्त धाकटीने. एकदा थोरली कपडे वाळत घालत होती, तर ही दारात उभी. आधी कमरेकडे पाहिलं, मग दंडाकडे, मग परत कमरेकडे.

"काय घेताय हो तुम्ही?" धाकटीने विचारलं. "मला नाही सांगितलंत."

"कुठे काय गं. कामाची दगदग."

धाकटीचा ओठ जरासा मुडपला आणि ती आत गेली. एवढ्या उपाशीपणातून थोरलीच्या पदरात काय पडलं, तर हा मुडपलेला ओठ. तिला तो पुरला. तिने उरलेले कपडे गाणं गुणगुणत वाळत घातले.

त्याच सुमारास कंपनीत थंडीच्या कोटांचं काम आलं. मोठ्या मापाचा कोट मास्तरांनी तिच्या अंगावर चढवला आणि ते थबकले. पाठीत कापड सैल पडलं होतं. त्यांनी पाठीत टाचण्या मारल्या, मग बगलेखाली, मग कमरेत.

"इतका सैल कसा कापला मी," ते पुटपुटले. "अंदाज चुकायला लागला."

तिच्या अंगाला त्यांनी टेप कधीच लावली नव्हती. पहिल्या दिवशी लावली असेल तेवढीच. आपल्या घरच्या जिन्याच्या पायऱ्या जशा माणूस मोजत नाही, तसं ते तिचं अंग मोजत नसत. थोरलीने तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर चौरंग जाणार. तिला घरी बारीक व्हायचं होतं आणि कंपनीत जाडच राहायचं होतं. ती म्हणाली, "कापडच तसलं आहे मास्तर. पसरतं."

दुसऱ्या वेळी कोट पुन्हा सैल. मास्तरांनी पुन्हा आत घेतला आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा घेऊन चष्म्याचा नंबर तपासून आले. नव्या चष्म्यातून तिच्याकडे बघत ते म्हणाले, आता बघ, आता चुकणार नाही. तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघितलं.

कोट गेले आणि परतही आले. दुकानदारांनी खोकीच्या खोकी पाठवून दिली. मोठ्या मापाच्या एकाही बाईला कोटाची बटणं लागत नव्हती. मालकीणबाई स्वतः कटिंगच्या टेबलाशी आल्या. त्या आवाज चढवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी हळू आवाजात मास्तरांना विचारलं की आता पुरे करायचं का. घरी नातवंडं आहेत, आराम करायचं वय आहे. मास्तरांनी नवा चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. सगळ्या मशीन एकेक करून थांबल्या होत्या.

थोरलीच्या हातात बटण होतं. मूग गिळून बसणं सोपं होतं. मास्तरांचं वय झालंच होतं, आज ना उद्या हे व्हायचंच होतं, कोणी तिच्याकडे बोट दाखवणार नव्हतं. आणि बोलली तर हातचं सगळं जाणार होतं. ते तिला दिसत होतं, आणि मास्तरांच्या हातातला चष्म्याचा रुमालही दिसत होता.

ती उठली आणि मधल्या वाटेने टेबलापर्यंत गेली.

"मास्तर, माझं माप घ्या."

"तुझं कशाला?"

"घ्या ना. टेपने."

मास्तरांनी टेप गळ्यातून काढली. छाती, कंबर, सीट. कमरेला टेप लावल्यावर त्यांनी आकडा पाहिला, टेप सोडली आणि पुन्हा लावली. मग मोठ्याने वाचलाच नाही. मालकीणबाई जवळच होत्या, त्यांनी वाकून पाहिला.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"कोटाच्या आधीपासून."

"आणि कापड पसरतं म्हणालीस."

"हो."

कोणीतरी मागे खुदकन हसलं. मास्तर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेपची घडी घालत विचारलं, "बरी आहेस ना? आजारीबिजारी नाहीस?" थोरलीने नाही म्हटलं. "मग कशासाठी?" याचं उत्तर द्यायचं तर पातेल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

तिला कामावरून काढलं नाही. मालकीणबाई हिशेबी होत्या. बटणावरचा चांगला हात त्यांना घालवायचा नव्हता. कोटांच्या शिवणी उसवून आत दुमडलेल्या कापडाची जेवढी माया होती तेवढी सोडायची असं ठरलं, आणि ते काम थोरलीच्या गळ्यात पडलं. मास्तर राहिले. तिने घाबरत विचारलं, महिनाभर पोटभर जेवले तर? मास्तर म्हणाले, जेव की, जेवायलाच हवं. पण नमुना तोवर थांबणार नाही.

चौरंगावर पॅकिंगमधल्या एका बाईला उभं केलं. नवीनच लागलेली, अंगाने भरगच्च, बोलायला भित्री. तिला बोलवायला गेले तेव्हा खोक्यांमागे जाऊन बसली होती म्हणे. थोरलीने तिला चढताना पाहिलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. काय ते दंड. काय ती पाठ, कशी सरळ कमरेत उतरलेली. ज्या अंगापासून पळण्यासाठी आपण पाणी पिऊन दिवस काढले तेच अंग त्या बाईला फुकट मिळालं होतं, आणि ती ते दोन्ही हातांनी झाकत होती. धाकटीबद्दल जे वाटलं ते यापुढे काहीच नव्हतं.

मास्तरांनी नव्या कोटाचा कच्चा नमुना तिच्या अंगावर चढवला. टाचण्या तोंडात घेतल्या. कुठे ओढतंय का म्हणून विचारलं.

"नाही," पॅकिंगवाली म्हणाली.

"मुंढ्यात?"

"नाही नाही. बरोबर आहे."

थोरली समोरच शिवण उसवत बसली होती. तिला पाठीवरची आडवी चुणी दिसली. तिला हेही दिसलं की त्या बाईने श्वास कोंडून पोट पार आत ओढलंय आणि तशाच अवस्थेत उत्तरं देतेय. लाजेने. मास्तर खडू टेकवणार होते. हा कोटही घट्ट जाणार, खोकी परत येणार. मग पॅकिंगवाली खोक्यांमागे, आणि तोवर आपण चांगलं जेवूनखाऊन पुन्हा तिथे. हिशेब अगदी चोख होता. थोरलीने सुई खाली घातली, एक टाका उचलला, तोडला. दुसरा उचलला आणि तो तसाच राहिला.

ती उठून चौरंगापाशी गेली. खालूनच हळू म्हणाली, "सोड की गं ते पोट. चोरून आणलंयस का?"

पॅकिंगवाली दचकली. तिच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याबरोबर कोंडलेला श्वासही सुटला. पोट पुढे आलं. पाठीची कच्ची शिलाई टर्र करून उसवली. ती गोरीमोरी झाली, पण मास्तरांचा चेहरा उजळला.

"हे बरं झालं," ते म्हणाले. "आता सांग, कुठे कुठे?"

"इथे," पॅकिंगवालीने बगल दाखवली. जरा थांबून म्हणाली, "आणि बसल्यावर इथेपण."

"बसून दाखव."

ती बसली. मास्तर तिच्यापुढे गुडघ्यावर बसले आणि दोघांचं बोलणं सुरू झालं. त्यात तिसऱ्या माणसाचं काही काम नव्हतं. थोरली थोडा वेळ तिथेच उभी राहिली, मग आपल्या जागेवर परत आली. मागे पॅकिंगवालीचा आवाज हळूहळू मोकळा होत चालला होता. मध्येच मास्तर हसले. काय म्हणाली ती, हे थोरलीला ऐकू आलं नाही.

दुपारी मास्तरांनी कोट उतरवला आणि थोरलीच्या टेबलावर आणून टाकला. बटणाच्या जागा आखायच्या होत्या. तिने तो उलगडून सरळ केला आणि पुढच्या पट्टीवर तळवा फिरवला. अस्तर अजून त्या बाईच्या अंगाने गरम होतं. थोरलीने हात तिथेच ठेवला, ते निवेपर्यंत. मग खडू घेतला आणि वरून खाली, सारख्या अंतरावर, खुणा करायला लागली.