एका पाकिटात चौघीजणी

"नववीतून पळालेला माणूस आता मला रिपोर्ट वाचून दाखवणार! नॉर्मल लिहिलंय ना? मग गप बस."

आई हे बोलली तेव्हा तिच्या हातात गरम इस्त्री नव्हती, हे माझं नशीब. ती लॉन्ड्रीत इस्त्रीवर आहे, अकरा वर्षं. हॉटेलं आणि हॉस्पिटलांच्या चादरी. तिच्या जिभेलाही तीच वाफ लागलीय.

मी टेबलावर दोन कागद ठेवले होते. एक मागच्या वर्षीचा, एक कालचा. लॅब तीच, रक्त आईचंच, तपासणीही तीच, बायकांच्या अंगातल्या इस्ट्रोजेन हार्मोनची. मागच्या वर्षी आकडा चौदा, आणि शेजारी छापलेलं की तीसच्या आत म्हणजे नॉर्मल. यंदा आकडा अठ्ठ्याऐंशी, आणि शेजारी काय छापलंय? तीस ते चारशे म्हणजे नॉर्मल.

"अगं, सहापट झालंय! आणि यांचं नॉर्मल कसं काय बदललं?"

"परत तरुण झालेय मी. तुला बघवत नाही."

हे ती गमतीत म्हणत नव्हती. चार वर्षांपूर्वी तिची पाळी बंद झाली. त्यानंतर तिला उठता बसता अंगातून भट्टी पेटल्यासारखं व्हायचं, मानेवरून घाम ओघळायचा. लॉन्ड्रीत सगळ्याच घामेजलेल्या, त्यामुळे तिचा घाम कुणाच्या नजरेत आला नाही. आणि गेल्या महिन्यात अचानक पाळी परत आली. बाई खूश! डॉक्टरकडे जायचं सोडून थेट लॅबमध्ये गेली, तपासून घ्यायला. चष्मा घरी राहिला म्हणून फॉर्म मी भरला. पाळी चालू की बंद, असा रकाना होता. मी हळूच विचारलं. ती सगळ्या लॅबला ऐकू जाईल अशी ओरडली, "चालू लिही, चालू! परत सुरू झालीय!" मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. लिहिलं चालू.

मला शाळा जमली नाही कारण एका जागी बसवत नाही. पण आकडा आकड्याशी जुळत नसेल तर मला झोप लागत नाही. दोन्ही कागद खिशात कोंबले आणि निघालो.

लॅबमधला चष्मेवाला नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता.

"तुमचं नॉर्मल दरवर्षी बदलतं का हो? रद्दीचा भाव आहे का हा?"

"आवाज खाली," तो म्हणाला. पण कागद हातात घेतले. दोन्ही पाहिले. मग चष्मा कपाळावर ढकलून परत पाहिले. "आईचं वय काय?"

"त्रेपन्न."

"पाळी जाऊन?"

"चार वर्षं. म्हणजे आता परत आलीय."

"चार वर्षांनी परत येत नसते, बाळा. रक्त जात असेल तर ते दुसऱ्या कशानं तरी, आणि ते डॉक्टरला दाखवावंच लागतं. पाळी चालू असते तोवर हा आकडा महिनाभर वरखाली होत राहतो, म्हणून तीस ते चारशे. बंद झाली की तो खाली बसतो तो बसतोच. तुझ्या आईचा हा अठ्ठ्याऐंशी नॉर्मल नाही. फॉर्मवर चालू कुणी लिहिलं?"

मी नळ्यांकडे बघत राहिलो. "मी."

"बाहेरून कसल्या गोळ्या घेते का ती?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि एक गोष्ट डोळ्यांसमोर आली. आईच्या डब्याच्या पिशवीत कात्रीनं कापलेला गोळ्यांचा तुकडा. सात गोळ्या, वर नाव नाही. मला वाटलं होतं डोकेदुखीच्या असतील.

तिथून तसाच लॉन्ड्रीत घुसलो. तिथं चादरीची घडी दोघी मिळून घालतात. दोघींनी दोन टोकं धरायची, झटकायची, आणि चालत एकमेकींजवळ यायचं. आईच्या समोरच्या टोकाला कायम कडकमावशी. खळ लावण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, म्हणून हे नाव. स्वभावानं मात्र लोणी.

"त्या गोळ्या कुणी दिल्या?" मी दारातूनच.

अख्खी लॉन्ड्री थांबली. आईचे डोळे म्हणत होते, घरी चल, मग बघते तुला.

"मी दिल्या," कडकमावशी म्हणाली. "काय झालं?"

मग सगळं बाहेर आलं. घामासाठी मावशी डॉक्टरकडे गेली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासून हार्मोनच्या गोळ्या दिल्या. मावशीला आराम पडला. पण समोर तिघी मैत्रिणी इस्त्रीपाशी उकडून निघतायत, आपण एकटीनं थंड कसं राहायचं? म्हणून दर आठवड्याला ती पाकीट कापायची. एका पाकिटात चौघीजणी. नाव छापलेला भाग फेकून द्यायची, तिघींच्या घरी कुणी प्रश्न विचारू नयेत म्हणून.

"डॉक्टरनं तुला तपासून दिल्या ना? यांना कुणी तपासलं?" मी एवढ्या जोरात ओरडलो की मुकादम बाहेर आला. "आईच्या अंगात सहापट हार्मोन आहे! ही तरुण झालीय म्हणून नाचतेय!"

मावशीच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं. ती रडायला लागली. मला माझाच राग आला, पण आता गाडी सुटली होती.

संध्याकाळी चौघी डॉक्टरीणबाईंसमोर. चार खुर्च्या, मी उभा. बाईंनी नाव नसलेला तुकडा उजेडात धरला, मग मावशीकडे असा कटाक्ष टाकला की मी असतो तर खिडकीतून उडी मारली असती.

"पाळी गेली की अंडाशय हार्मोनचं दुकान बंद करतात," त्या म्हणाल्या. "अंगावरची चरबी थोडंफार बनवत राहते, टपरी म्हणा. तेवढं अंगाला चालतं. पण या वयात हार्मोन जास्त राहिलं, आतून किंवा गोळ्यांनी, तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. कॅन्सर झालाच असा अर्थ नाही. पण कुणाला गोळी द्यायची, कुणाला नाही, हे बघूनच ठरवायचं असतं. आजपासून वाटावाटी बंद. रक्त का गेलं त्याची सोनोग्राफी, आणि चौघींची मॅमोग्राफी. म्हणजे स्तनांचा एक्स-रे."

आई उठलीच. "सोनोग्राफी करते. ते दुसरं नाही. ते दाबतात म्हणे मशीनमध्ये. आणि मला काही दुखत नाही."

"दुखत नाही म्हणूनच करायची," बाई म्हणाल्या.

"नाही म्हणजे नाही."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी हुंदके देत म्हणाली, "मीही नाही करणार. काही निघालं तर मी तोंड कुठं दाखवू? मीच दिलं ना तुम्हाला सगळ्यांना!"

आई वळली. दुसऱ्याला रडताना बघितलं की आईला राग येतो, आणि राग आला की तिला भीती आठवत नाही. ते मी तिच्याकडूनच घेतलंय.

"रडतेस काय गं? माझ्या तोंडात कोंबलीस का गोळी? मी माझ्या हातानं गिळली. ऊठ. मी आधी जाते, तुम्ही तिघी माझ्या मागून या. एक जरी पळाली ना, तर खळीच्या पिंपात बुडवीन."

दुसऱ्या दिवशी खरंच आधी गेली. दहा मिनिटांत बाहेर. "कपडे पिळायच्या मशीनपेक्षा बरं आहे," तिनं जाहीर केलं. "पुढची कोण?"

सोनोग्राफीत काळजीचं काही निघालं नाही. रक्त गोळ्यांमुळे जात होतं, गोळ्या थांबल्या तसं थांबलं. बाकी तिघींच्या छात्याही साफ. आईच्या डाव्या बाजूला मात्र एक ठिपका होता. सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सर. शर्टाच्या कॉलरचं बटण असतं ना, तेवढा.

"गोळ्यांमुळेच झाला का?" मावशीनं भिंतीला टेकत विचारलं.

"ते कुणालाच सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "पण हे मी सांगते. हा हाताला लागायला अजून बराच वेळ गेला असता. आत्ता सापडलाय, आत्ताच काढू."

ऑपरेशनच्या दिवशी मावशी आणि मी बाकावर. तिनं माझा हात एवढा दाबला की बोटं निळी पडली. एकदाही सोडवून घेतला नाही मी, एका जागी बसवत नाही अशा माणसानं. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. आईनं तो डॉक्टरीणबाईंच्या हातातून घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"वाच."

"मी?"

"मग कोण? मोठा रिपोर्टवाला ना तू!"

वाचला. कापलेल्या कडा साफ. काखेतल्या गाठी साफ. पसरलेला नाही. शेवटची ओळ वाचताना माझा आवाज फाटला. आई म्हणाली, "रडू नकोस, अक्षरं भिजतील," आणि स्वतःच माझ्या शर्टाला नाक पुसलं.

मग पंधरा दिवस शेकाचे, म्हणजे रेडिएशनचे. त्वचा भाजल्यासारखी झाली, थकायची, चिडायची, पण एकही दिवस चुकवला नाही. आता पाच वर्षं रोज एक गोळी, अंगात थोडंफार हार्मोनही बनू न देणारी. ती कुणाला देणार नाही, हे तिनं न विचारताच सांगितलं. घाम परत सुरू झालाय. "येऊ दे," म्हणते, "जिवंत माणसालाच घाम येतो."

आणि लॉन्ड्रीत आता भलतंच सुरू झालंय. दुसऱ्या शिफ्टमधल्या अकरा जणींनी नावं दिलीत तपासणीला. मुकादमानं सुट्टीवरून कुरकुर केली, तर आईनं घरून फोन करून त्याला असं धुतलं की तो दोन दिवस कडक इस्त्री केल्यासारखा ताठ फिरत होता.

आज तिचा कामावर परत जायचा पहिला दिवस. डाव्या हातानं वजन उचलायचं नाही असं बाईंनी बजावलंय, म्हणून मी बरोबर जाऊन मुकादमाला तोंडावर सांगणार. ती तर पंधरा मिनिटांपासून खाली स्कूटरवर बसून हॉर्न वाजवतेय. सगळी गल्ली जागी केलीय बाईनं. आलो गं, आलो! निघतो आता.