मागचा लाल दिवा

ब्रेकचा दिवा ही मोठी विचित्र चीज आहे. ज्याची गाडी, त्यालाच तो दिसत नाही. लागला की नाही हे मागच्याला कळतं, आणि मागचा सांगायला येतो तेव्हा बहुतेक भांडायलाच आलेला असतो. जामखेडला गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा अझीम हे गिऱ्हाइकांना हसत हसत ऐकवायचा. त्या दिवशी मात्र त्याला हसू सुचलं नाही, कारण टोचन लावून दुकानापुढं ओढत आणलेली पांढरी गाडी त्याच्या दोस्ताची, अमृतची होती.

अमृत जाऊन दोन महिने झाले होते. नगरहून येताना रस्त्यात म्हैस आडवी आली, त्यानं करकचून गाडी थांबवली आणि मागून काकासाहेबाचा टेम्पो येऊन आदळला. काकासाहेब शेजारच्या वाडीचा, बाजाराला भाजीपाला नेणारा. पहिल्या दिवसापासून त्यानं एकच धोशा लावला होता, की पुढच्या गाडीचा दिवा लागलाच नाही, लागला असता तर मी थांबलो असतो. मेलेल्या माणसावर ढकलून मोकळा होतोय, असं म्हणून लोकांनी त्याला उडवून लावलं. धडकेनं गाडी पुढं झाडावर जाऊन बॅटरीच फुटली होती, त्यामुळं तेव्हा दिवे तपासताही आले नव्हते.

आता केस उभी राहणार होती आणि पोलीस ठाण्यातून सुटलेली गाडी घेऊन अमृतची आई, गोजरबाई, स्वतः आल्या होत्या.

"अझीम, तू त्याचा दोस्त. बॅटरी लाव अन् दिवा लागतोय का बघ," त्या म्हणाल्या. "लागतोयच. माझा अमृत गाडीला लई जपायचा. तू फकस्त चारचौघांत सांग, त्यो टेम्पोवाला खोटं बोलतोय म्हनून."

अझीमनं खुर्ची पुढं केली, पण त्या बसल्या नाहीत. गाडीचा मागचा उजवा कोपरा पार चेपला होता. डावा दिवा मात्र शाबूत होता, डिकीच्या झाकणावरचा तिसराही शाबूत होता. त्यानं दुकानातली बॅटरी जोडली. ब्रेक दाबायला दुसरं माणूस लागतं, म्हणून गोजरबाईच पदर खोचून स्टिअरिंगमागं जाऊन बसल्या. लेकाच्या जागेवर बसलेली ती माउली बघून अझीमला भडभडून आलं.

"दाबा, मावशी."

"दाबलाय."

दिवा लागला नाही.

"जोरात दाबा."

"दाबलाय की रं! लागला का?"

"थांबा जरा, बघतो."

त्यानं बल्ब काढून पाहिला, तो धडधाकट होता. पेडलपाशी असलेलं ब्रेकचं बटणही ठीक होतं. फ्यूज तेवढा जळलेला. नवा घातला, तर ब्रेक दाबताच तोही टक्कन उडाला. म्हणजे कुठंतरी वायर उघडी पडून पत्र्याला चिकटत होती. अझीमनं हिसका देऊन डिकी उघडली आणि वायर चाचपत निघाला.

डाव्या बिजागरीपाशी त्याचा हात थांबला. तिथं बारीक लोखंडी तारेचे दोन वेढे घट्ट पिळलेले होते आणि तारेच्या बाहेरच्या टोकाला काळी बाहुली लोंबत होती. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून बांधतात ती. तिसऱ्या दिव्याची वायर नेमकी त्या वेढ्यांत सापडली होती. दर वेळी डिकी उघडता-मिटता तार तिला घासत गेली, प्लास्टिक कापलं गेलं, तांबं उघडं पडलं. एक वायर पत्र्याला चिकटली की फ्यूज जातो आणि ब्रेकचे सगळेच दिवे बंद होतात. ती खाच काही एका धडकेनं पडलेली नव्हती. महिनोन्‌महिने घासून पडली होती. म्हणजे फ्यूज अपघाताच्या आधीच गेलेला होता.

बाहुली कोणी बांधली, हे अझीमला विचारायची गरज नव्हती. दोऱ्यानं बांधलेल्या दोन बाहुल्या रस्त्यात गळून पडल्या, म्हणून तिसरी गोजरबाईंनी तारेनं आवळली होती. अमृतनंच एकदा चहा पिताना सांगितलं होतं, "गाडी भंगारात जाईल, पन आईची बाहुली काय पडायची न्हाई." तेव्हा दोघंही पोट धरून हसले होते.

"काय झालं रं?" आतून हाक आली.

"फ्यूज उडालाय, मावशी. आपटल्यावर उडाला आसंल," तो बोलून गेला.

गोजरबाईंचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे आदी लागत हुता! आसंच सांग कोर्टात. सडू दे त्याला तुरुंगात. त्याच्या आईलाबी कळू दे, पोराबिगर घर कसं खायला उठतं ते."

जामिनावर सुटलेला काकासाहेब मागच्या आठवड्यात दुकानावरून मान खाली घालून गेला होता, आणि अझीमनं मुद्दाम तोंड फिरवलं होतं. आता एका आईला सांभाळायला दुसरीचं पोर बुडवायचं, हे त्याच्याच्यानं होईना. एवढं पाप पेलायची त्याची छाती नव्हती.

"मावशी, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "टेम्पोवाला खरं बोलत हुता. लाईट लागलाच न्हाई. वायर लई आदीपासून घासली हुती."

"कशानं?"

त्यानं त्या वेढ्यांवर हात ठेवला. गोजरबाई उतरून मागं आल्या आणि त्याचा हात जिथं होता तिथं बघत राहिल्या. तो पीळ त्यांच्याच हातचा होता. समजायला त्यांना वेळ लागला नाही.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी लोंबणारी बाहुली मुठीत धरली. मग विचारलं,

"अमृतनं ब्रेक दाबला आसंल ना रं?"

"दाबला, मावशी. म्हशीला खरचटलंसुदिक न्हाई."

"म्हंजे त्यानं समदं नीट केलं हुतं."

"व्हय."

मग मात्र त्या रडल्या. दुकानापुढून माणसं जात-येत होती, थबकून बघत होती. अझीमलाही रडू आवरलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ती तार तशीच ऱ्हाऊ दे. कोर्टाला दिसू दे. अन् मला वाडीला ने, काकासाहेबाच्या घरी."

"आत्ता? जरा बसा, पानी प्या."

"त्याच्या आईला भरल्या बाजारात शिव्या दिल्यात मी. तुझ्या पोरानं माझं पोर खाल्लं म्हनले," गोजरबाई म्हणाल्या. "कुनी खाल्लं, ते माझ्याच तोंडानं सांगितलं पायजे तिला."