कंठमेळातला खर्ज

भवानीनगरच्या ‘कंठमेळ’ मंडळाने वाद्यं सोडली नव्हती, वाद्यांनीच मंडळ सोडलं होतं. अकरा वर्षांपूर्वी सोसायटीच्या निवडणुकीत पेटीवाला एका पॅनेलात गेला, तबलजी दुसऱ्यात, आणि दोघांनी आपापली वाद्यं उचलून नेली. मागे उरले चार गळे. माधवी मॅडम गायच्या, धोंडीबा आबा त्यांना साथ धरायचे, दिग्विजय तोंडाने तबला वाजवायचा. आणि कारखान्यात फिटर असलेला सोमनाथ तोंड मिटून खर्ज लावायचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत तो एकच खालचा सूर.

लोकांच्या गळी हे उतरायला वेळ लागला. इंदापुरात एका यजमानाने वाद्यांच्या टेम्पोची वाट बघत कार्यक्रम तासभर अडवून धरला होता. बारामतीच्या स्पर्धेत मात्र ढाल मिळाली, पेपरात फोटो आला. फोटोत तिघांची तोंडं उघडी होती आणि सोमनाथचं मिटलेलं.

त्याच्या बायकोने, ज्योत्स्नाने, फोटो निरखून पाहिला.

“अवो, तुमी नुसतंच उभं ऱ्हाता व्हय?”

“खर्ज लावतो की मी.”

“मला तर कंदी आयकू आला न्हाय.”

हे त्याला फार लागलं. ती खोटं बोलत नव्हती. प्रत्येक कार्यक्रमाला साउंड सणसरच्या अविराजचा असायचा, आणि सोमनाथने सूर लावला की अविराजला वाटायचं, लायनीत हमिंग आलं, विजेची घुमघुम. तो एकेक बटण चाचपायचा आणि सोमनाथचा माइक बंद करायचा. सोमनाथला हे माहीत होतं. पण कारखान्यात आपल्या मशीनला कुणी हात लावलेला त्याला स्वतःला खपत नसे, म्हणून दुसऱ्याच्या कामात तो बोलत नसे. त्याने एवढंच केलं, की रोज पहाटे पाचला, बायको बाहेरच्या खोलीत झोपलेली असताना, स्वयंपाकघराचं दार लोटून अर्धा तास खर्ज घोटू लागला. तिला सांगितलं नाही. सांगून ऐकवायचं असतं तर मग एवढा रियाज कशाला करायचा?

मधल्या काळात त्याने फ्रिज बदलायचा विषय दोनदा काढला. वीस वर्षांचा फ्रिज, दाराला रबर राहिलं नव्हतं. ज्योत्स्ना दोन्ही वेळा नको म्हणाली. कारण सांगितलं नाही.

मग तिच्या भावाची, रणजितची, अंथुर्ण्यात वास्तुशांत आली. दुपारी जेवणाआधी कंठमेळाचा कार्यक्रम ठरला. सोमनाथने आयुष्यात पहिल्यांदा अविराजला गाठलं.

“आज माझा माइक वर ठेव बाबा. सासुरवाडी हाय.”

अविराजने शब्द पाळला. सोमनाथने सूर लावला आणि मांडवातले स्टीलचे तांबे थरथरले. अविराजचा चेहरा उतरला. “अर्थिंग गेलं!” म्हणत तो पळाला, अर्थिंगच्या सळईपाशी बादलीभर पाणी ओतून आला. हमिंग जाईना. वायरी हलवल्या, पिना बदलल्या. पाहुण्यांसमोर लाज जाते म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला आणि मशीनचा प्लगच उपटला.

मॅडमचा आवाज समोर बसलेल्या बायकांपुरता उरला, आबांचा त्याहून कमी. खर्ज मात्र होता तिथेच होता. अविराजने मशीनकडे पाहिलं, हातातल्या प्लगकडे पाहिलं, आणि मग सावकाश सोमनाथकडे. सगळा मांडव त्याच्या मिटल्या तोंडाकडे बघू लागला. पहिल्या रांगेत ज्योत्स्ना पदर धरून ताठ बसली होती.

पंगतीत ती जिलबी वाढत त्याच्यापाशी येऊन थांबली.

“त्यो आवाज तुमचा?”

“व्हय.”

“पहाटं पाचला आपल्या फ्रिजातनं येतो, त्यो?”

सोमनाथने घास परत पानात ठेवला. त्याने होकाराची मान हलवली.

“तुमी कार्यक्रमाला परगावी गेला की फ्रिज गप पडायचा,” ती म्हणाली. “मला झोपच लागायची न्हाय. उठून त्याला थापा मारत बसायची मी. नवा घितला तर ह्यो आवाज जाईल म्हणून तुमाला नको म्हणत हुते.”

सोमनाथने आनंदाने पान पुढे सरकवलं. तिने त्याच्या पानात दोन जिलब्या जास्त टाकल्या आणि पुढच्या पाहुण्याकडे वळता वळता म्हणाली,

“आता बदला फ्रिज.”