चार लिटर दोनशे

हंताव्हायरसवर खरा हक्क माझा होता. दिवेआगरच्या आमच्या वाडीतले उंदीर मला जन्मापासून ओळखतात. सुपारीच्या खोलीतल्या त्यांच्या लेंड्या पंधरा वर्षं मी झाडतोय. आणि सुयशदादा? महिनाभर लॅपटॉप घेऊन पुण्याहून आला, एका सकाळी ती खोली झाडली, धूळ नाकात गेली आणि तीन आठवड्यांनी आजार त्याला. इथेही पहिला नंबर.

आधी सगळ्यांना लेप्टो वाटला, तोही उंदरांमुळेच येणारा ताप. लेप्टो आमच्याकडे कोणालाही होतो, त्यात काही मान नाही. मग पनवेलला इस्पितळात दादाची लघवी थांबली, दोनदा डायलिसिस झालं आणि तपासणीत हे नवं नाव निघालं. बाहेर बाकावर बसून मी देवाला म्हटलं, दादाला वाचव. मनापासून म्हटलं. 'पण फार कौतुक होऊ देऊ नको' हेही मनापासूनच.

देवाने अर्धंच ऐकलं.

लघवी सुटली ती थांबेचना. मूत्रपिंडं सावरताना असं होतं, डॉक्टर म्हणाले. घरी न्या, पण रोज मोजा आणि पाणी कमी पडू देऊ नका. आमच्याकडे पर्यटक उतरतात, म्हणून ओटीवर फळा आहे. त्यावर आई जेवणाचा बेत लिहिते. त्याखालीच ती आकडा लिहू लागली.

उकडीचे मोदक.
सोलकढी.
सुयश – चार लिटर दोनशे.

ठाण्याच्या एका काकूंनी विचारलं, "हे सुयश गरम असतं की थंड?"

शेजारचे विश्वंभरकाका रोज आकडा वाचायला येत. "पाच? वा! पोरगं पहिल्यापासून हुशार." एकदा मी ईर्ष्येने सात शहाळी प्यायलो आणि मोजून आईपुढे उभा राहिलो. तीन लिटर शंभर. आई म्हणाली, "ते भांडं धुऊन ठेव. दादाचं आहे."

मग पुण्याहून क्षिप्रा मॅडम आल्या. या आजारावर संशोधन करतात. दर आठवड्याला दादाचं रक्त नेत. "यात रक्तवाहिन्या फुटत नाहीत, पाझरतात," त्या म्हणाल्या. "वाहिन्यांच्या वाढीचे काही घटक शरीरातच असतात. एक भिंती सैल करतो, दुसरा त्या पुन्हा घट्ट करतो. त्यांचं प्रमाण बदलतं तशी मूत्रपिंडं कशी सावरतात, ते आम्ही बघतोय."

"म्हणजे पाटाचं पाणी माडाच्या आळ्यात पोचायच्या आधीच जिरतंय," आई म्हणाली.

"अगदी तसंच."

घट्ट करणारा घटक दादाच्या रक्तात वाढत होता. त्याचं नाव आईला उच्चारता येईना, तरी तिने त्याच्यासाठी देवापुढे नारळ ठेवला. माझ्या दहावीला फूल ठेवलं होतं.

"तुलनेला याच घरातला एक निरोगी माणूस हवाय," मॅडम म्हणाल्या. मी बाही वर करूनच उभा होतो.

त्यांनी फॉर्म काढला. "प्रज्योत, ती खोली एरवी कोण झाडतं?"

"मीच."

"मग त्या दिवशी?"

उत्तर आईनेच दिलं. "त्या दिवशी याचा खांदा दुखत होता हो. हात वर होत नव्हता."

हात व्यवस्थित वर होत होता. त्याच हाताने मी त्या सकाळी किनाऱ्यावरच्या सामन्यात पाच बळी घेतले. उत्कृष्ट गोलंदाजाचा चषक मिळाला, आयुष्यातला एकमेव. त्यावर तारीख कोरली होती, म्हणून दीड महिना तो तांदळाच्या पिंपात होता.

दादाने माझ्याकडे पाहिलं. "खांदाबिंदा नव्हता गं आई. मीच म्हटलं, तू खेळायला जा, मी झाडतो. बरं झालं, निदान त्याला तरी नाही झालं."

आईने पदर डोळ्यांना लावला. मॅडमचं पेन थांबलं. विश्वंभरकाका म्हणाले, "याला म्हणतात भाऊ!"

मला ते सहन झालं नाही. आजार त्याचा, फळा त्याचा, नारळ त्याचा. आता माझं पापही पुण्य करून यानेच घेतलं!

"खोटं बोलतोय हा!" मी पिंपातून चषक काढून टेबलावर आपटला. तांदूळ सगळीकडे उडाले. "तारीख वाचा. खांदा ठणठणीत होता. मी फसवलं त्याला. हे माझं आहे, त्याचं नाही."

आईने तारीख वाचली. बराच वेळ वाचली.

"पाच बळी?"

"हो."

"आणि घरात सांगायची सोय ठेवली नाहीस." ती उठली. "दादानंतर ती खोली कोणी झाडलेली नाही. जा."

मॅडमनी आधी माझं रक्त घेतलं, मग मास्क, हातमोजे दिले. केरसुणी लावायची नाही म्हणाल्या. ब्लीचचं पाणी मारायचं, थांबायचं, मग पुसायचं. तासाभराने दादा अंगणात लांब उभा राहिला.

"तुझा तिसरा बळी झेल होता ना रे? झाडता झाडता लाउडस्पीकरवर तुझंच नाव ऐकत होतो."

"त्रिफळा होता," मी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं. ब्लीच फार कडक होतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर फणसाची भाजी होती. खाली 'प्रज्योत – पाच बळी, खोली साफ.' ते मी दोनदा वाचलं. मग त्याखालची ओळ. सुयश – दोन लिटर. म्हणजे दादा बरा झाला. म्हणजे आता पुण्याला जाणार.

मी आत जाऊन कोकम सरबताचा मोठा पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला. "अजून एक पी," म्हटलं. "आकडा फार लवकर उतरतोय तुझा."